एनक्यूएएसचा बोर्ड लागला म्हणजे दवाखाना सुधारला का?

डोंगरपाडा: आमच्या तालुक्यातल्या एका पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) एनक्यूएएस, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या दर्जाचं राष्ट्रीय सर्टिफिकेट, मिळालं, भिंती रंगवल्या, बोर्ड लागला, ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस. पण बाळंतिणीच्या नवऱ्याला इंजेक्शनसाठी बाहेरची चिठ्ठी अजून देतातच. तपासणीची तारीख आधी कळते, मग रात्र रात्र बसून रजिस्टरं पुरी करतात, टीम गेली की परत जैसे थे, आणि सर्टिफिकेट 3 वर्षं चालतं. 2007 ला एनआरएचएममधून (राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून) अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे, ठाणे या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली होती. गावसमितीची माणसं घरोघरी विचारायची, नर्सताई येतात का, औषध मिळतं का, पैसे मागतात का, आणि त्यावरून गावाचं कार्ड हिरवं, पिवळं नाहीतर लाल व्हायचं. मग जनसुनावणी. हे प्रत्येक तालुक्यात पाहिजे, सर्टिफिकेट द्यायच्या आधी.

एमओ_ग्रामीण: मी स्वतः पीएचसीला आहे म्हणून स्पष्ट सांगतो, जनसुनावणीत ज्याच्या हातात काही नाही त्यालाच उभं करतात. औषध जिल्ह्याच्या स्टोअरमधून आलं नाही, एएनएमचं (नर्सताईचं) पद रिकामं, आणि शिव्या कोणाला तर मला. एनक्यूएएसला 70 टक्के मिळवायला काय लागतं ते बघा आधी. ऑटोक्लेव्ह (उपकरणं निर्जंतुक करायचं मशीन) नीट चालतो का, लेबर रूममध्ये पार्टोग्राफ (बाळंतपण कसं पुढे सरकतंय त्याचा तक्ता) भरलाय का, कचरा योग्य रंगाच्या पिशवीत जातो का. हे गावकरी कसं तपासणार? इन्फेक्शन डोळ्याला दिसत नाही हो. आणि पेशंटला विचारणं त्या चेकलिस्टमध्ये आहेच.

डोंगरपाडा: विचारतात, पण दवाखान्यातच, सिस्टर शेजारी असताना. कोण बोलेल तिथे? ऑटोक्लेव्ह तुमच्या टीमनेच बघावा, त्याला माझी ना नाही. पण चिठ्ठी दिली का, पैसे घेतले का हे बाईच्या घरी जाऊनच कळतं. औषध वरून येत नाही म्हणता ना, मग तेच तालुक्याच्या सुनावणीत सगळ्यांसमोर सांगा, म्हणजे डीएचओंना (जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना) उत्तर द्यावं लागेल. एकट्याने पत्र लिहून कोण ऐकतंय तुमचं.

अंगणवाडीताई: आमचंही ऐका जरा. 2021 ला आमच्या बायांनी सरकारी मोबाईल परत केले होते, मेमरी कमी, पोषण ट्रॅकर (मुलांची नोंद भरायचं अ‍ॅप) धड चालायचा नाही, वर इंग्रजी. आता मूल सॅममध्ये (अतितीव्र कुपोषित) दाखवलं की मुलाला एनआरसीत (पोषण पुनर्वसन केंद्रात) न्यायला गाडी मिळायच्या आधी मलाच फोन येतो, वजन परत घ्या म्हणून. मग पुढच्या वेळी काटा कुठे थांबेल तुम्हीच सांगा. आकडा खरा पाहिजे तर खरा आकडा भरणारीला ओरडू नका, एवढंच म्हणणं आहे.

मोजूनमापून: ताई, पटलं. पण डोंगरपाडा, नुसत्या सुनावणीवर मी विश्वास ठेवणार नाही, कारण ज्या गावात बोलणारी माणसं आहेत त्या गावाला सगळं मिळतं आणि आतल्या पाड्यावरचं मूल गेलं तरी कुणाला पत्ता नसतो. गडचिरोलीत सर्च या संस्थेने नवजात बाळांचं काम केलं तेव्हा 39 गावांत आरोग्यदूत घरी जाऊन बाळाला बघायच्या आणि दुसरी 47 गावं तुलनेला होती, दोन्हीकडे जन्म-मृत्यू मोजले म्हणून तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर 62 टक्क्यांनी कमी दिसला, 1999 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि सरकारला तो मार्ग घ्यावा लागला. मोजलंच नसतं तर कोणी मानलं असतं? फक्त ज्याच्या कामाचं मोजमाप आहे त्याच्याच हातात आकडा ठेवू नका.

एमओ_ग्रामीण: हे मान्य. न सांगता तपासणीला या, टीममध्ये गावातली एखादी बाई घ्या, माझी हरकत नाही. पण भरसभेत स्टाफला उभं करणं मला पटत नाही, आधीच बाँडवरचे (शिक्षणानंतर सक्तीची सरकारी सेवा करणारे) डॉक्टर टिकत नाहीत इथे.

डोंगरपाडा: मग स्टाफचं नाव घेऊ नका, पण रिपोर्ट ग्रामसभेत वाचा, कुठलं औषध किती दिवस नव्हतं आणि का नव्हतं त्यासकट. ते लपवायचं काहीच कारण नाही, आणि त्यात तुमचाच फायदा आहे डॉक्टर.