वॉलमार्टचं पर्यावरणप्रेम खरं की नुसता हिरवा मुलामा?

कुतूहल७:
प्रेझेंटेशनसाठी वॉलमार्टवर वाचतेय आणि डोकं चक्रावलंय. २०१७ ला प्रोजेक्ट गिगाटन काढलं, म्हणे सप्लायरांना सोबत घेऊन २०३० पर्यंत १ अब्ज टन कार्बन टाळणार, २०२४ च्या सुरुवातीला जाहीर केलं की सहा वर्षं आधीच जमलं, आणि त्याच डिसेंबरात सांगतात आमची स्वतःची २०२५ आणि २०३० ची टार्गेट्स बहुतेक हुकणार. अरे मग पास की नापास?

अडगळ:
दोन्ही, कारण पेपरच वेगळे आहेत. जे हुकतंय ते त्यांच्या स्वतःच्या दुकानांचं, ट्रकचं, फ्रीजमधल्या गॅसचं टार्गेट, २०१५ च्या तुलनेत २०२५ पर्यंत ३५ टक्के आणि २०३० पर्यंत ६५ टक्के कपात. तिथे विजेचा मीटर असतो, डिझेलची बिलं असतात, थापा मारायला फार जागा नाही. गिगाटनमधे सप्लायर स्वतःच कळवतो की आम्ही इतके टन 'टाळले'. टाळले म्हणजे, हे केलं नसतं तर जेवढं झालं असतं त्यातून वजाबाकी. मी दोन फोन घेणार होतो, एकच घेतला, म्हणजे एका फोनचे पैसे 'वाचवले', पण खिशातून गेले ते गेलेच ना.

सरळमार्गी:
पण सगळंच नाटक म्हणू नका राव. २००७ ला म्हणाले अमेरिकेतल्या दुकानांत लिक्विड डिटर्जंट फक्त कॉन्सन्ट्रेटेडच ठेवणार, आणि २००८ च्या मे पर्यंत करून दाखवलं. धुलाई तेवढीच, बाटली छोटी, म्हणजे पाणी कमी, प्लास्टिक कमी, पुठ्ठा कमी, ट्रकच्या फेऱ्या कमी. एवढ्या मोठ्या गिऱ्हाईकाला नाही म्हणायची कुठल्या साबणवाल्याची टाप आहे? पैसेही वाचले त्यांचे, वाचू देत की.

खवचट_काकू:
ते बांबूचं विसरलात वाटतं. २०२२ मधे अमेरिकेच्या एफटीसीने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) पकडलं, बांबूचं म्हणून खपवत होते ते निघालं रेयॉन! बांबूचा लगदा केमिकलमधे विरघळवून त्याचे धागे काढायचे आणि लेबलवर मात्र इको-फ्रेंडली. ३० लाख डॉलर दंड झाला, त्यांना म्हणजे चिल्लर. दाखवायचे दात वेगळे नि खायचे वेगळे.

सरळमार्गी:
काकू, बांबूचं मान्य. पण डिसेंबरात टार्गेट हुकणार हे स्वतःहून सांगितलं, ते तरी धरा.

कुतूहल७:
फोनचं उदाहरण ढापतेय हां अडगळ 😄 अजून एक, ते २०४० पर्यंत झीरो एमिशन, तेही ऑफसेट न घेता (म्हणजे दुसऱ्याने केलेली कपात विकत घेऊन आपल्या नावावर न लावता), त्यात सप्लायरांचे कारखाने येतात का?

अडगळ:
नाही. दुकानातले दिवे येतात, शेल्फवरचा माल येत नाही. आणि बहुतेक सगळा कार्बन त्या मालातच आहे.