येसचा 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स': हात तयार, पण चाल कुठंय?

रात्रपाळी:
येस या ब्रिटिश रॉक बँडचा १९७३चा डबल अल्बम, म्हणजे दोन एलपी तबकड्या. चार बाजू, चार गाणी, प्रत्येक वीसेक मिनिटांचं. गायक जॉन अँडरसनला हे सुचलं परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून: श्रुती, स्मृती, पुराणं, तंत्र. कल्पना झकास, पण तळटीपेला ऐंशी मिनिटं? वादनाबद्दल तक्रार नाही. ख्रिस स्क्वायरचा बास तर नुसता गर्जतो. पण ऐकून उठल्यावर ओठांवर काय राहतं? खुद्द बँडच्या कीबोर्डवादकाचं, रिक वेकमनचं, म्हणणं होतं की एका एलपीपेक्षा माल जास्त, दोनला कमी, म्हणून पाणी घातलं.

मंद्रसप्तक:
पहिल्या बाजूची सुरुवात पुन्हा ऐका. अँडरसन जवळजवळ एकाच सुरावर शब्द सोडत जातो, मागे एकेक आवाज चढत जातो, आणि बँड आत शिरतो तेव्हा अंगावर येतं. ही चाल नाही? तिथले तुकडे चौथ्या बाजूला परत भेटतात. पण तोवर थांबायला हवं ना! तीन मिनिटांत मुखडा हवा असेल त्यांनी दुसरं काही लावावं.

बेसूर_बापू:
वेकमनही थांबला नाही हो. मँचेस्टरला कार्यक्रम चालू असताना स्टेजवर करी खात बसला होता. १९७४मध्ये बँडच सोडला.

मंद्रसप्तक:
करीचा किस्सा निघणार हे माहीतच होतं. त्याच वेकमनचा पहिल्या बाजूच्या शेवटाकडचा मूग सिंथेसायझरवरचा सोलो ऐका, मग बोला.

तालमाला:
माझं दुखणं वेगळंच. येसच्याच आधीच्या 'क्लोज टू द एज' अल्बमचं शीर्षकगीतही अठरा मिनिटांचं, पण कुठं रेंगाळत नाही. तिथे ड्रमवर बिल ब्रुफर्ड होता. त्याचा स्नेअर ड्रम वाक्य तोडायचा, म्हणून चालीला श्वास मिळायचा. तो १९७२मध्ये किंग क्रिम्सन या बँडमध्ये गेला. त्याच्या जागी आलेला ॲलन व्हाइट दमदार, पण सरळ वाजवणारा, त्यामुळे पसरट भाग आणखीच पसरतात. चौथ्या बाजूच्या तालवाद्यांच्या दणक्यात मात्र तोच हवा.

रात्रपाळी:
नेमकं बोललात. तिसऱ्या बाजूत आधी बराच वेळ नुसता खणखणाट, आणि मग स्टीव्ह हाउ साधी नायलॉन तारांची गिटार घेतो. तेवढा तुकडा मी कितीदाही ऐकेन. म्हणजे चाल बांधता येत होती, मग इतकी कंजुषी का? आणि दुसऱ्या बाजूचा बचाव कोण करणार?

मंद्रसप्तक:
मी. मेलोट्रॉनचे, म्हणजे टेपवरचे सूर वाजवणाऱ्या कीबोर्डचे, ते लांबलचक पडदे हेडफोन लावून ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर नको.

बेसूर_बापू:
हेडफोन लावूनच झोप लागली होती.