मदत हवी आहे: नंबर माझा, पण त्यावर प्रोफाइल दुसऱ्याच बाईंचं

नमस्कार मंडळी,

दीड महिन्यापूर्वी नवीन सिम घेतलं. दुसऱ्याच दिवशी मेसेज आला, "मावशी, औषध घेतलंस का?" नंबर चुकला असेल म्हणून तसं कळवलं. मग असे मेसेज येतच राहिले. कुणाचा वाढदिवस, कुणाची चौकशी, आणि अधूनमधून ओटीपी. हा नंबर आधी कुणाचा तरी होता हे तेव्हा लक्षात आलं.

इथवर ठीक होतं. पण माझ्या मैत्रिणीने माझा नंबर सेव्ह केला आणि एका सोशल मीडिया अ‍ॅपने तिला "तुमच्या कॉन्टॅक्टमधली व्यक्ती" म्हणून एक प्रोफाइल दाखवलं. फोटोत एक बाई आणि दोन लहान मुलं. मैत्रिणीने मलाच विचारलं, ही कोण?

त्यानंतर जे झालं त्याने मी खरंच हादरले. एका मेसेजिंग अ‍ॅपवर खातं उघडायला गेले. नंबर टाकला, ओटीपी आला, तो भरला आणि समोर नवीन खातं नाही, त्या बाईंचंच खातं उघडलं. चॅटची आख्खी यादी. मी काहीही न वाचता लगेच लॉगआउट केलं, पण हात थरथरत होते. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर?

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. नुसत्या नंबरावरून प्रोफाइल सापडतं ते नेमकं कसं? आणि माझ्या नंबराला चिकटलेली त्यांची ओळख सोडवायची कशी, त्यांचं काही नुकसान न होता? नंबर बदलून टाक असं घरचे म्हणतात. पण मग हा नंबर तिसऱ्याच कुणाकडे जाईल आणि त्यांची दारं तशीच उघडी राहतील. ते मनाला पटत नाही.

---

प्रतिसाद १

ताई, लॉगआउट केलंत हे फार चांगलं केलंत. आधी पहिला प्रश्न घेतो, कारण तो कळला की दुसऱ्याचं उत्तर अर्धं मिळतं.

आपण अ‍ॅपला "कॉन्टॅक्ट पाहू दे" अशी परवानगी देतो तेव्हा फोनमधली नंबरांची यादी कंपनीच्या सर्व्हरवर जाते. नोंदणी करताना लोकांनी दिलेल्या नंबरांशी ती ताडून पाहिली जाते. जुळलं की प्रोफाइल समोर. तुमच्या मैत्रिणीच्या बाबतीत हेच झालं. त्या बाईंनी कधीतरी हा नंबर तिथे दिला होता आणि सर्व्हरच्या लेखी तो अजून त्यांचाच आहे. सिम कुणाच्या हातात गेलं हे सोशल मीडिया कंपनीला आपोआप कळत नाही.

काही अ‍ॅप नंबर जसाच्या तसा न पाठवता त्याचा हॅश, म्हणजे गणिताने बनवलेली सांकेतिक खूण, पाठवतात. ऐकायला सुरक्षित वाटतं. पण दहा अंकी नंबर एकूण असून असून १००० कोटी. तेवढ्यांचे हॅश संगणक आधीच काढून ठेवू शकतो, म्हणजे हॅशवरून नंबराचा उलटा शोध लागतोच.

याच सोयीचा घाऊक गैरवापरही होतो. खोटी यादी बनवायची, ओळीने लाखो नंबर भरायचे, अपलोड करायची आणि कोणत्या नंबराला कोण जुळतं ते टिपत जायचं. फेसबुकच्या सर्चमध्ये थेट नंबर टाकून माणूस शोधता यायचा, ते २०१८ च्या एप्रिलमध्ये बंद झालं. पण कॉन्टॅक्ट जुळवण्याची वाट २०१९ पर्यंत उघडी होती. त्या वाटेने गोळा केलेली ५३ कोटींहून जास्त लोकांची माहिती, नंबरांसकट, २०२१ मध्ये फुकट वाटली गेली. त्यावरून आयर्लंडच्या डेटा संरक्षण नियामकाने २०२२ मध्ये फेसबुकची कंपनी मेटाला २६.५ कोटी युरोंचा दंड केला. ट्विटरमध्ये तर अशी चूक राहिली होती की "नंबरावरून मला शोधू देऊ नका" असं निवडलेल्यांचंही खातं नंबर टाकल्यावर कळायचं. त्यातून ५४ लाख खात्यांची माहिती गेली. व्हिएन्ना विद्यापीठातल्या संशोधकांनी तासाला १० कोटींहून जास्त नंबर तपासत व्हॉट्सअ‍ॅपची ३५० कोटी खाती मोजून दाखवली, ते २०२५ मध्ये जाहीर झालं.

"नंबर टाका, माणूस शोधा" म्हणणाऱ्या साइट्सकडे वेगळी जादू नसते. अशी फुटलेली माहिती, लोकांनी स्वतः कुठेतरी लिहून ठेवलेले नंबर आणि जुन्या याद्या एकत्र शिवलेल्या असतात. बऱ्याच नुसते पैसे काढतात. तिथे तुमचा नंबर टाकूही नका.

ट्रूकॉलरसारख्या अ‍ॅपचं आणखी वेगळं. तिथे दिसणारं नाव बऱ्याचदा इतरांनी आपल्या फोनमध्ये काय नावाने सेव्ह केलंय त्यावरून येतं. म्हणून तुम्ही फोन केलात की समोरच्याला त्या बाईंचं नाव दिसत असेल. ते तुम्ही स्वतः नोंदणी करून दुरुस्त करू शकता, किंवा त्यांच्या साइटवरून नंबर यादीतून काढून टाकू शकता.

---

प्रतिसाद २

मी यातल्या दुसऱ्या बाजूला होते, म्हणून लिहितेय. आजारपणात माझं सिम रिचार्जविना बंद पडलं आणि नंबर दुसऱ्याला गेला. मला कित्येक महिने पत्ताच नव्हता, कारण सगळी अ‍ॅप जुन्या फोनवर वायफायवर चालूच होती! तुमच्या त्या बाईंचंही हेच असू शकतं. हे फार सर्रास घडतं. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या दोन मोठ्या कंपन्यांकडचे, नव्या ग्राहकांना मिळू शकतील असे २५९ नंबर तपासले. त्यातल्या १७१ नंबरांना कुणाची ना कुणाची जुनी खाती जोडलेली निघाली.

मला कुणीतरी एक ओळ लिहून कळवायला हवं होतं. तुम्ही ते करा. मैत्रिणीला दिसलेल्या प्रोफाइलवर तुमच्या स्वतःच्या खात्यातून मेसेज पाठवा. "तुमचा जुना नंबर आता माझ्याकडे आहे, कृपया सगळीकडे बदलून घ्या, बँकेतसुद्धा," एवढंच. अनोळखी मेसेज वेगळ्या कप्प्यात पडतात, म्हणून आठवड्याभराने पुन्हा पाठवा. त्यांच्या खात्यात शिरून त्यांच्या नातेवाइकांना कळवू नका, हेतू चांगला असला तरी.

---

प्रतिसाद १ (पुन्हा)

वरच्या ताईंचं शंभर टक्के बरोबर. आता तुमच्या बाजूचं. जिथे तुम्हाला खातं हवं आहे तिथे ईमेलने नवीन खातं काढा आणि मग त्यात हा नंबर जोडून ओटीपीने पक्का करा. बऱ्याच सेवा तसं केल्यावर नंबर जुन्या खात्यावरून उतरवतात. "पासवर्ड विसरलात" मात्र चुकूनही दाबू नका, ते त्यांच्याच खात्याचं दार आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर खातं ४५ दिवस वापरात नसेल आणि नंबर नव्या फोनवर सुरू झाला, तर जुना फोटो आणि माहिती आपोआप काढली जाते. त्या मेसेजिंग अ‍ॅपमध्ये मात्र आत जाऊन काही करू नका. नंबर बदलायचा तो त्यांनीच.

एक गोष्ट कुणाच्याच हातात नाही. त्यांच्या भाच्यांच्या, शेजाऱ्यांच्या फोनमध्ये हा नंबर त्यांच्या नावाने सेव्ह आहे. त्यामुळे काही काळ त्यांची माणसं तुम्हाला सुचवली जातील, आणि त्यांना तुम्ही. ज्या अ‍ॅपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये "नंबरावरून मला कोण शोधू शकतं" हे असेल, तिथे ते बंद किंवा मर्यादित करून ठेवा. टेलिग्राम आणि सिग्नलमध्येही ते आहे.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मेसेज पाठवला होता, नवव्या दिवशी उत्तर आलं. त्या आता दुसऱ्या देशात मुलीकडे राहतात. जुना नंबर बंद पडलाय एवढंच त्यांना वाटत होतं. आम्ही फोनवर अर्धा तास बोललो. मी ओटीपी सांगायचा नाही आणि त्यांनी मागायचा नाही, असं आधीच ठरवलं. ज्या खात्यांना ईमेल जोडलेला होता तिथे त्यांनी मुलीच्या मदतीने नंबर बदलला, मेसेजिंग अ‍ॅपवरही. मैत्रिणीला आता ते प्रोफाइल दिसत नाही.

औषधाचं विचारणाऱ्या भाचीला त्यांनी नवा नंबर दिला.

एक राहिलंय. एका जुन्या शॉपिंग खात्याचा ईमेलही त्यांना आठवत नाही आणि तिथला ओटीपी अजून माझ्याकडे येतो. त्या कंपनीच्या ग्राहक सेवेला त्यांनी लिहायचं की मी? कुणी असं करून पाहिलं असेल तर सांगा.