मदत हवी आहे: 'यलोस्टोन' न बघता '१९२३' बघितली तर चालेल का?

बाबांबरोबर '१८८३' ही वेस्टर्न मालिका नुकतीच संपवली. टेक्सासहून निघालेला तो तांडा, धुळीतले बैल, सॅम एलियटचा आवाज, सगळंच त्यांना भयंकर आवडलं. त्याआधी 'गॉडलेस' झाली होती, तीही सातच भागांची असल्यामुळे पटकन उरकली. आता पुढे काय, यावर गाडी अडली आहे.

'१८८३' आणि '१९२३' ज्या डटन कुटुंबाच्या आधीच्या पिढ्यांच्या कथा आहेत, त्याची मूळ मालिका म्हणून 'यलोस्टोन'चे सुरुवातीचे भाग लावून पाहिले. हेलिकॉप्टर दिसलं आणि बाबा उठून गेले! त्यांना जुना काळच हवा आहे. 'पीकी ब्लाइंडर्स' काळाच्या हिशेबात बसते, पण बर्मिंगहॅमचे ते उच्चार त्यांच्या कानाला झेपेनात. इंग्रजी सबटायटल्स ते वाचतात, फक्त ती संथ हवीत. शिव्यांचं वावडं नाही, त्यामुळे 'डेडवूड' सुचवलीत तरी हरकत नाही; पण आधी ही कथा पुढे न्यायची आहे.

'१९२३'मध्ये हॅरिसन फोर्ड आणि हेलन मिरेन आहेत, निवेदन '१८८३'मधल्या एल्साचंच आहे, एवढं माहीत आहे. निवासी शाळेतल्या मुलींच्या छळाचे प्रसंग त्रासदायक आहेत हेही कानावर आलंय, त्याची तयारी आहे. कृपया शेवट फोडू नका.

ज्यांनी दोन्ही पाहिल्या आहेत त्यांनीच सांगा: 'यलोस्टोन'चे पाचही सीझन बाजूला ठेवून थेट '१९२३' लावली तर नाती आणि जमिनीचं भांडण समजतं का, की मध्येच काहीतरी निसटतं?