मदत हवी आहे: जुन्या बंधाऱ्याच्या पायथ्याशी गढूळ पाणी

नदीवरचा छोटा, जुना बंधारा आहे. मधली भिंत चुन्यातली दगडी, एका बाजूला मातीचा भराव. भिंतीच्या दरजांतून पाणी झिरपतं, पण ते स्वच्छ आहे. खरी काळजी भरावाच्या पायथ्याची. तिथला पाझर अलीकडे गढूळ झालाय. म्हणजे आतली माती वाहून जातेय, आणि आत पोकळी वाढत गेली की भराव काही तासांतही फुटू शकतो. पाझराच्या तोंडावर आधी वाळू आणि वर खडी असा फिल्टर टाकला तर तात्पुरता आधार मिळेल का? की पाणीपातळी उतरवणं जास्त गरजेचं? एकदम उतरवली तर पाण्याकडचा ओला उतार घसरतो, म्हणून रोज किती उतरवावी तेही सांगा.

भरावावर झाडं वाढलीत. ती नुसती तोडली तर मुळं कुजून पाण्याला वाट मिळेल ना? दरजा भरायला चुनाच वापरावा की सिमेंट चालेल? सांडव्यात अडकलेले ओंडके आम्ही काढतोय.

संबंधित अभियंत्यांना कळवलंय. ते येईपर्यंत कशावर लक्ष ठेवावं? खालच्या अंगाला वस्ती आहे. धरणाच्या कामाचा अनुभव असलेल्यांनी कृपया लवकर लिहा.