घरी तबला रेकॉर्डिंग : गेन किती, सॅम्पल रेट किती?

तालवेडा : यूएसबी इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) २४ बिटचा आहे. चाटीवर (तबल्याच्या कडेवर) जोरात थाप पडली की लाल दिवा लागतो. गेन (माइकचा सिग्नल किती वाढवायचा ते) कमी केला तर वेव्हफॉर्म (स्क्रीनवरची आवाजाची लाट) अगदी बारीक दिसतो. असे बिट वाया जातात का? आणि सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती मोजमापं घ्यायची ते) ४८ ऐवजी ९६ किलोहर्ट्झ ठेवू का?

सर्किटवाला : बिनधास्त कमी करा. सर्वांत हळू आणि सर्वांत जोरदार आवाजातलं अंतर एका बिटमागे साधारण ६ डीबी (डेसिबल), म्हणजे २४ बिटला कागदावर १४४ डीबी. प्रत्यक्षात सर्किटच्या स्वतःच्या नॉइजमुळे चांगला कन्व्हर्टरही (आवाजाचे आकडे करणारा भाग) ११०-१२० डीबीवर थांबतो. खालचे चार-पाच बिट नुसता नॉइज मोजतात. सर्वांत जोरदार थाप उणे १२ डीबीएफएसच्या (डिजिटल कमाल पातळीला शून्य धरून मोजलेले डीबी) आसपास ठेवा. शून्याला लाटेचा माथा सपाट कापला जातो, तो नंतर परत मिळत नाही. खोलीतल्या पंख्याचा आवाज कन्व्हर्टरच्या नॉइजपेक्षा कितीतरी मोठा, आधी तो बंद करा!

नादबिंदू : ४८ भरपूर झाले. निम्म्या रेटच्या, म्हणजे २४ किलोहर्ट्झच्या वरचं काही आत शिरलं तर ते दुमडून खाली येतं : ३० चा खोटा सूर १८ वर. पण आजचे डेल्टा-सिग्मा प्रकारचे कन्व्हर्टर आधी मेगाहर्ट्झच्या वेगाने सॅम्पल घेतात आणि मग डिजिटल फिल्टरने वरचं गाळून रेट खाली आणतात, म्हणून ४८ लाही ती भीती फारशी नाही. ९६ ला फाइल मात्र दुप्पट : मोनोला मिनिटाला ८.६ ऐवजी १७.३ एमबी.

सर्किटवाला : मीटर उणे १२ दाखवतोय तरी आवाज फाटतोय? मग दोष कन्व्हर्टरच्या आधी आहे. माइकवरचा पॅड (सिग्नल कमी करणारा स्विच) लावा, नाहीतर माइक हातभर मागे घ्या.