विषय: विमानाच्या रोटरी इंजिनाचे इनटेक पोर्ट वाढवावेत का?

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी काहींनी स्वतःची विमाने स्वतः बांधली आहेत हे ठाऊक असल्यामुळे हा प्रश्न इथे विचारत आहे. माझ्या दोन आसनी विमानासाठी मी माझदाचे दोन रोटरांचे (पिस्टनऐवजी फिरणारे त्रिकोणी भाग), चार पोर्टांचे १३बी इंजिन घेतले असून ते सध्या पूर्ण सुटे करून टेबलावर मांडलेले आहे. गिअरबॉक्स २.१७ गुणोत्तराचा (इंजिनाच्या २.१७ फेऱ्यांना प्रोपेलरची एक) आहे आणि प्रोपेलर स्थिर कोनाचा घ्यायचा विचार आहे. इंजिन उघडलेलेच आहे, तेव्हा जोडणीपूर्वी इनटेक पोर्ट (हवा आत घेणारी दारे) घासून वाढवून घ्यावेत असे मनात येते. शर्यतीच्या मोटारींत ब्रिज पोर्टमुळे (मूळ दाराबाहेर दुसरी खाच पाडल्यामुळे) शक्ती भरघोस वाढते असे सगळेच सांगतात. विमानात तो चालेल का, आणि चालत नसेल तर निदान स्ट्रीट पोर्ट (मूळचेच दार घासून थोडे वाढवणे) करावा का, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.

कळावे, लोभ असावा.

—

उत्तर १

नमस्कार.

आपले पत्र वाचून मला माझे पहिले इंजिन आठवले. तेही असेच टेबलावर सुटे पडलेले होते, ग्राइंडर हाताशी होता आणि मी उत्साहाच्या भरात पोर्ट जमेल तेवढे वाढवले. पुढे विमान खुंट्यांना बांधून पूर्ण थ्रॉटल दिला, तेव्हा इंजिन मिनिटाला ५,१०० फेऱ्यांच्या वर जाईना, आणि मी घासून घासून मिळवलेली शक्ती ६,५०० च्या पलीकडे कुठेतरी बसून राहिली होती. मूळच्या पोर्टांवर ते इंजिन त्याच जागी अधिक जोराने ओढत होते, हे नंतर दुसरे हाउसिंग (रोटरभोवतीचे कवच) बसवून पाहिल्यावर कळले.

विमानात इंजिन किती फिरणार हे प्रोपेलर ठरवतो. प्रोपेलर मिनिटाला २,७०० फेऱ्यांवर ठेवायचा असेल, तर आपल्या गिअरबॉक्समुळे इंजिन जेमतेम ५,८५० वर फिरेल आणि चढताना त्याहूनही कमी. साइड पोर्ट (हाउसिंगच्या बाजूच्या भिंतीतले दार) वाढवण्याचा मुख्य परिणाम म्हणजे तो उशिरा बंद होतो. इंजिन वेगात असेल तर नळीतून येणारा हवेचा लोंढा स्वतःच्याच जोराने त्या वाढीव वेळातही आत शिरत राहतो. वेग कमी असेल तर चेंबर (रोटर आणि हाउसिंग यांमधली पोकळी) आकुंचन पावू लागताच आत आलेली हवा त्याच दाराने परत बाहेर ढकलली जाते. मोटारवाला अशा वेळी खालचा गिअर टाकतो. स्थिर कोनाच्या प्रोपेलरमागे बसलेल्या वैमानिकाला ती सोय नाही, आणि कमी फेऱ्यांवरचा जोर त्याला नेमका धावपट्टी सोडतानाच हवा असतो.

मात्र विमानाच्या इंजिनाला एक सवलत अशी आहे की ते तासन् तास जवळजवळ एकाच वेगावर चालते. त्यामुळे पोर्टला हात लावण्याआधी नळ्यांच्या लांबीचा हिशेब करावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. इनटेक पोर्ट उघडताना चेंबरमध्ये उरलेला दाबाखालचा जळका वायू मॅनिफोल्डमध्ये उसळतो आणि त्याची लाट नळीतून निघते. ही लाट दुसऱ्या रोटरच्या पोर्टपाशी तो बंद होण्याच्या बेतात असताना पोहोचली, तर ती चार घास हवा जास्त कोंबते. माझदाने १९८६ च्या सुमारास आपल्या मोटारींत हीच युक्ती वापरली होती. आता आकडे पाहा. पोर्ट टीडीसीनंतर (चेंबर सर्वांत लहान असतो ती स्थिती) ३२ अंशांवर उघडतो आणि बीडीसीनंतर (सर्वांत मोठा असतो ती स्थिती) ५० अंशांवर बंद होतो असे धरू. या इंजिनात टीडीसी ते बीडीसी हे अंतर शाफ्टच्या २७० अंशांचे असते, म्हणजे पोर्ट ३२० व्या अंशावर बंद होतो. दुसरा रोटर १८० अंश पुढे असल्यामुळे पहिल्याचा पोर्ट उघडतो तेव्हा दुसरा २१२ वर असतो, आणि लाटेला १०८ अंश मिळतात. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर तो वेळ ३ मिलिसेकंद होतो, आणि ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरला तर एका पोर्टपासून दुसऱ्यापर्यंतचा मार्ग सुमारे १.०३ मीटर भरतो, म्हणजे प्रत्येक बाजूची नळी जवळपास अर्धा मीटर. पोर्ट घासून तो बीडीसीनंतर ६५ अंशांवर बंद होईल असे केले, तर त्याच वेगासाठी मार्ग १.१८ मीटर लागतो. ज्याने पोर्ट बदलला आणि नळ्या जुन्याच ठेवल्या, त्याने लाटेची वेळ स्वतःच्या हाताने चुकवली. मी नेमके तेच केले होते.

ब्रिज पोर्टबद्दल माझे उत्तर स्पष्ट नकार असे आहे. त्यात मूळ पोर्टच्या बाहेर, कॉर्नर सीलच्या (रोटरच्या कोपऱ्यात बसून गळती अडवणाऱ्या तुकड्याच्या) वाटेपलीकडे, भुवईच्या आकाराची दुसरी खाच पाडतात आणि मधे लोखंडाची एक अरुंद पट्टी उरते. त्या पट्टीवरून सील दर फेऱ्याला सरकत जाते. पट्टी तडकली तर तुकडा थेट रोटरच्या वाटेत येतो. मोटार अशा वेळी रस्त्याच्या कडेला उभी करता येते. शिवाय ही खाच पोर्ट लवकर उघडते, एक्झॉस्ट अजून उघडाच असतो, आणि थ्रॉटल मिटलेला असताना जळका वायू ताज्या मिश्रणात शिरून इंजिन अडखळू लागते. तो प्रत्येक धक्का गिअरबॉक्सच्या दातांवर बसतो. उतरताना न जळलेले मिश्रण तापलेल्या एक्झॉस्टमध्ये पेटून सायलेन्सरही फोडते.

स्ट्रीट पोर्ट करायचाच असेल, तर २.८५ गुणोत्तराचा गिअरबॉक्स घेऊन करावा. त्यावर इंजिन ७,५०० ला असताना प्रोपेलर साधारण २,६३० वर राहतो.

—

पुन्हा प्रश्न

आपल्या सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभारी आहे. गिअरबॉक्स बदलणे तूर्त शक्य नाही. मग पोर्टांना अजिबात हात लावू नये का? आणि पेरिफेरल पोर्टचे (रोटरच्या परिघाकडच्या भिंतीतून हवा आत घेणाऱ्या दाराचे) काय? १९९१ मध्ये ल मांची मोटार शर्यत जिंकणाऱ्या माझदा ७८७बीच्या इंजिनाचे पोर्ट तसेच होते ना?

—

उत्तर २

होय, तसेच होते. परंतु ते चार रोटरचे इंजिन ९,००० फेऱ्यांच्या आसपास शक्ती देत असे आणि त्याच्या इनटेक नळ्या चालू शर्यतीत वेगाप्रमाणे लांब-आखूड होत असत, ही गोष्ट लोक सांगायला विसरतात. लहान व्यासाचा पेरिफेरल पोर्ट विमानात चालू शकतो, कारण प्रोपेलर लावलेले इंजिन तसेही मोटारीसारखे हजाराखाली फिरवायचे नसते. मात्र त्यासाठी रोटर हाउसिंगला पाण्याच्या पोकळीतून आरपार भोक पाडून त्यात गळती न होणारी नळी बसवावी लागते. पहिल्या इंजिनावर हे करू नये.

आपल्या गिअरबॉक्सला पोर्ट बंद होण्याचा कोन मूळचाच ठेवावा. करण्याजोगे काम आहे ते आतल्या वाटेचे. ओतकामाच्या शिवणी आणि मॅनिफोल्डच्या जोडावर उरलेली पायरी काढून घ्यावी, आणि भिंत फार पातळ करू नये, कारण पलीकडे पाणी आहे. पोर्टच्या आतल्या कडेला हात लावूच नये; तिथून ऑइल सील फिरते आणि कड थोडी जरी सरकली तरी ते उघड्यावर येऊन तेल चेंबरमध्ये ओढले जाते. साइड सील पोर्टवरून परत लोखंडावर चढते त्या कडेला फक्त बारीक उतार द्यावा. तो बोटाच्या नखाने तपासावा: नख कुठे अडकले तर सीलही तिथेच अडकेल.

जोडणी करताना शाफ्टला अंशांची तबकडी लावून चारही पोर्ट कुठे बंद होतात ते लिहून ठेवावे. मधल्या हाउसिंगमधले दोन प्राथमिक पोर्ट एकमेकांशी जुळले पाहिजेत आणि दोन टोकांचे दुय्यम एकमेकांशी. या दोन जोड्यांचे कोन आपसांत वेगळे असू शकतात, त्यामुळे ते पाहून दचकू नये. घासकाम संपल्यावर हाउसिंग गरम साबणाच्या पाण्याने धुऊन तेलाच्या वाटांत चुंबकाची कांडी फिरवावी. माझ्या वेळी तिसऱ्या धुण्यानंतरही कांडीला काळी भुकटी लागली होती.